नंबर घातलेलं चर्च

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथीड्रलला पायी जायचा यात्रामार्ग. सारिया या गावाच्या पुढे त्याच्यावर एकदम गर्दी होते. सांतियागोला पायी गेल्याचं प्रमाणपत्र हवं असेल तर निदान शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागतात. सारिया त्याच्या जरा अलीकडे आहे, म्हणून सुट्टी काढून आलेले बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. बरोबर माझी नणंद होती. ती दर आषाढीला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालते. नव्या कोऱ्या बुटांचे ते घोळके बघून ती म्हणाली, "वहिनी, हे आपले वाखरीला येऊन मिळणारे."

तिची मोठी तक्रार वेगळीच होती. इथे दिंडी नाही, विणेकरी नाही, भजन नाही. ज्याचा तो चालतो, भेटला की 'बुएन कामिनो', म्हणजे 'यात्रा चांगली होवो', म्हणतो आणि पुढे जातो. मग तीच हरिपाठ म्हणायची, आणि मागून येणारे वेग कमी करून ऐकायचे.

सारिया ते पोर्तोमारीन बावीसेक किलोमीटर. गालिसिया प्रांताचा हा भाग ओला, हिरवा, शेणाच्या वासाचा. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, खांबांवर उचललेली धान्याची कोठारं, मधूनच रस्ता अडवणाऱ्या गाई. बारबादेलोचं बाराव्या शतकातलं छोटं चर्च वाटेत लागलं, पण दाराला कुलूप. शेवटी तीव्र उतार उतरून मिन्यो नदीवरच्या उंच, लांब पुलाशी आलो. खाली बेलेसार धरणाचं पाणी.

जुनं पोर्तोमारीन त्या पाण्याखाली आहे. नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, पुलामुळे मोठं झालेलं गाव. उर्राका राणी आणि तिचा नवरा, आरागोनचा राजा आल्फोन्सो, यांच्या लढाईत तो पूल राणीने पाडला, आणि ११२०च्या सुमारास पेद्रो पेरेग्रिनोने तो पुन्हा बांधला. ("नवरा-बायकोच्या भांडणात पूल गेला होय," इति नणंद.) पुढे संत जॉनच्या सरदारपंथाकडे, म्हणजे लढवय्या सरदारांच्या धर्मसंघाकडे, गाव आलं. पूल राखायचा आणि यात्रेकरूंची सोय बघायची, हे त्यांचं काम. १९४६ मध्ये सरकारने गावाला ऐतिहासिक म्हणून संरक्षण दिलं, आणि त्यानंतर वीसएक वर्षांच्या आतच धरणाने ते गिळलं. गाव वर टेकडीवर नव्याने वसवलं. जुन्या पुलाची एक कमान आणून प्रवेशालाच लावली आहे, तिच्यावरून उभ्या पायऱ्या चढून गावात शिरायचं. दिवसभराच्या चालीनंतर त्या पायऱ्या म्हणजे दिवेघाटच.

वर चौकात सान निकोलासचं चर्च. सान शुआन असंही त्याचं नाव. बाराव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेलं, तेराव्यात पुरं झालेलं, आणि आजही गावाचं चालतं पॅरिश चर्च. पहिल्या नजरेला ही गढीच वाटते. चारही कोपऱ्यांवर बुरूज, माथ्यावर किल्ल्यासारख्या चऱ्या, बाजूच्या भिंतींना बाहेरून बुजलेल्या मोठ्या कमानी. सरदारांनी देऊळ आणि किल्ला एकातच उरकला. आत एकच लांब दालन, वर किंचित टोकदार झालेलं कमानी छत, टोकाला अर्धगोल गाभारा. रोमानेस्क, म्हणजे त्या काळातल्या युरोपातल्या, बांधणीत छताचा सगळा भार भिंतींवर येतो, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या अरुंद. तरी पश्चिमेच्या भिंतीत त्यांनी चांगली मोठी चक्राकार खिडकी काढली आहे. संध्याकाळचं ऊन तिथून थेट आत येत होतं.

त्याच बाजूच्या दारावर आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. मध्ये सिंहासनावर ख्रिस्त, आणि भोवतीच्या कमानीत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले २४ वृद्ध, हातात वाद्यं घेऊन दाटीवाटीने बसलेले. सांतियागोच्या कॅथीड्रलचं प्रसिद्ध दार घडवणाऱ्या मातेओच्या कारागिरांशी अभ्यासक या कामाचं नातं जोडतात. नणंदेने मात्र त्यांना टाळकरी ठरवून टाकलं. "मिळाली बाई दिंडी," म्हणाली.

भिंतीजवळ गेलं की दगडांवर पुसट आकडे दिसतात. अख्खं चर्च उतरवताना एकेका दगडाला नंबर घातला, वर आणून त्याच क्रमाने रचलं. आकडे अजून पुरते गेलेले नाहीत. मला तेच आवडलं. आठशे वर्षं मी इथेच उभा आहे, असा आव हे चर्च आणत नाही. सान पेद्रो या दुसऱ्या चर्चचं नशीब एवढं नव्हतं, त्याचा ११८२चा दर्शनी भाग तेवढा आला. एक-दोन वाडे आले. नदीकाठचे मळे तर आणता येण्यासारखे नव्हतेच.

"आपल्या पळसनाथाला कुणी नंबर नाही घातले," नणंद म्हणाली. तिचं माहेर म्हणजे माझं सासर, इंदापूर तालुक्यातलं. उजनीच्या बुडीत क्षेत्रातलं पळसदेवचं ते देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं, आणि बघायला होड्या करून माणसं जातात. मिन्योचं पाणी उतरलं की जुन्या पोर्तोमारीनच्या भिंतीही अशाच वर येतात. मी म्हटलं, पळसनाथ निदान आपल्या जागेवर तरी आहे. तिला ते पटलं नाही. "जागेवर असून काय उपयोग? पूजा कोण करतंय तिथं? इथं बघ, आज संध्याकाळची प्रार्थना आहे."

खरंच होती. स्पॅनिश अवाक्षर कळत नसताना ती पूर्णवेळ हात जोडून बसली. नंतर आमच्या यात्रापुस्तिकांवर चर्चचा शिक्का घेतला आणि बदामाचा केक खायला गेलो. गावाचा तो प्रसिद्ध आहे, पण मला गोड जास्त वाटला. पळसनाथावरून आमचा वाद दुसऱ्या दिवशी पालास दे रेईपर्यंत चालू होता.