तुम्ही विचारलंत म्हणून: औषध कुठे आहे?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना कशा जोडतात यावरचं माझं भाषण संपलं की कुणीतरी विचारतंच, घरच्या लग्नकार्यातही विचारतात: "ऑटिझमचं जनुक सापडलं ना, मग औषध कुठे आहे?" इतकी वर्षं "काम चालू आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

2003 मध्ये स्वीडनमधल्या दोन कुटुंबांतल्या भावंडांत न्यूरोलिजिन-3 आणि न्यूरोलिजिन-4 या जनुकांत बिघाड सापडला. या जनुकांपासून बनणारं न्यूरोलिजिन हे प्रथिन मेंदूतल्या चेतापेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि समोरच्या पेशीवरच्या न्यूरेक्सिन या प्रथिनाला धरतं. दोन पेशींमधली फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ऑटिझम असलेल्या फारच थोड्या मुलांत हा बिघाड आढळतो. हे वाक्य मी भाषणात भरभर म्हणायचे.

कारण मला दुसरंच सांगायची घाई असायची. मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींना न्यूरोलिजिन बनवायला लावायचं आणि शेजारी चेतापेशी सोडायच्या. मूळ प्रयोग 2000 सालचा, मी तो पुन्हा केला होता. रात्री अकराला मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर हिरव्या दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशीच्या कडेकडेने चेतापेशींचे लाल ठिपके दाटलेले. मेंदूशी काडीचा संबंध नसलेल्या पेशीला चेतापेशींनी जोडीदार मानलं होतं आणि निरोप द्यायची सगळी सामग्री तिच्यापाशी गोळा केली होती. माझे हात थरथरत होते.

पुण्यात पालकांच्या एका मेळाव्यात मी हाच फोटो दाखवला आणि म्हणाले, न्यूरोलिजिन आणि न्यूरेक्सिन म्हणजे कुलूप आणि किल्ली. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई वहीत लिहून घेत होत्या. शेजारी त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा बाटलीचं झाकण बाकावर गरगर फिरवत होता. ते थांबलं की पुन्हा फिरवायचा. त्यांनी विचारलं, "मॅडम, याची किल्ली कुठली हरवलीय?" मी म्हणाले, "तेच शोधतोय."

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. पैसे जमवून त्यांनी जनुकीय तपासणी केली होती. दोन्ही जनुकं धड होती. "म्हणजे किल्ली आहे याच्याकडे. मग कुलूप का उघडत नाही?"

मला बोलता येईना. 2006 चा निकाल मला तोंडपाठ होता: उंदरांतली तीन न्यूरोलिजिनं एकदम काढली तरी सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले निरोपाचे सांधे, तयार होतात, जवळपास तेवढेच. पण त्यांतून निरोप नीट जात नाही आणि पिल्लं जन्मल्यावर लगेच मरतात. म्हणजे पेशी एकमेकींना शोधतात ते या एका जोडीच्या भरवशावर नाही. मी ते भाषणातून गाळलं होतं. वीस मिनिटांत बसत नव्हतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर माझा सुंदर फोटो त्याने फिका पडला असता.

तरी विचारते, मी काय सांगायला हवं होतं? न्यूरेक्सिनची जनुकं तीन, पण त्यांच्या संदेशाचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे कापून जोडले जातात आणि त्यांची हजाराहून जास्त रूपं बनतात. शिवाय पेशींना जोडणारी टेन्यूरिन, लॅट्रोफिलिन ही प्रथिनं आहेतच. कुठली जोडी कुठे काय करते याचा हिशोब अजून लागलेला नाही, मग औषध नेमकं कशावर करायचं? पण हे त्या आईला सांगणं म्हणजे तिला रिकाम्या हाती परत पाठवणं, असंही वाटतं.

कुलपाची स्लाइड मी काढून टाकलीय. त्या बाईंचा नंबर अजून फोनमध्ये आहे. त्यांना पहिलं वाक्य कुठलं सांगावं, ते ठरत नाही.