ट्राउट, एक्सेल शीट आणि ते नारिंगी डबडं

एक्सेल शीट घेऊन येणाऱ्या क्लायंटला मी जरा घाबरूनच असते. 2023 च्या जूनमध्ये असेच एक काका माझ्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात आले, रिटायर्ड इंजिनियर, वय त्रेसष्ट, हातात प्रिंटआउट, आणि शीट त्यांची नव्हतीच, मुलाची होती. मुलगा कोलोरॅडोत राहतो, सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून डोंगरात जातो आणि वरच्या तळ्यांवर फ्लाय फिशिंग करतो. आता बाबांना घेऊन तेच काश्मीरमध्ये करायचं होतं, सोनमर्गहून निघून विशनसर, कृष्णसर, गडसर, सातसर, गंगाबल करत नारानागला उतरायचं, म्हणजे काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक, तोही पाच दिवसांत आणि एकही रेस्ट डे न घेता.

मी ट्रेक प्लॅन करून देते. मासेमारीतलं मला तेव्हा फार कळत नव्हतं, पण काकांनी तासभर बसवून शिकवलं. साध्या गळाला आमिषाचं किंवा शिशाचं वजन असतं म्हणून तो लांब जातो, फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि दोरा हुकवर गुंडाळून केलेला तो किडा, त्यामुळे फेकायची असते ती जाड लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाऊन पाण्यावर अलगद बसली पाहिजे. रॉड नऊ फुटी पण चार तुकड्यांत सुटणारा, सॅकमध्ये मावतो. तिथल्या तळ्यांत मिळते ती ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, मुळात काश्मीरची नाहीच हेही त्यांनीच सांगितलं, ब्राऊन ट्राउटची अंडी 1900 साली स्कॉटलंडहून बोटीने आणली, त्याआधीची खेप तर वाटेतच मेली, मग श्रीनगरजवळ हारवनला हॅचरी उभी राहिली. काका रोज सकाळी पोलो ग्राउंडवर प्रॅक्टिस करायचे, हुकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. तिथली क्रिकेट खेळणारी पोरं विचारायची, काका, पतंग क्यां छे (पतंग कुठे आहे)? विश्वामित्री नदीवर जाऊन करा असं बडोद्यात कोणी कोणाला सांगणार नाही, तिथे मगरी आहेत.

तर ती शीट. चालायच्या हिशोबाने ठीक होती हो, मुलाचे पाय तेवढे चालतात. पण मासे धरायच्या हिशोबाने अगदीच बिनकामाची. सरळ आहे ना, पहाटे आणि संध्याकाळी उजेड तिरका असताना ट्राउट किनाऱ्याजवळ खायला येतात, दुपारी वरच्या तळ्यांवर वारा सुटतो आणि लाइन कुठल्या कुठे जाते. शीटप्रमाणे हे बापलेक सकाळी सातला कॅम्प सोडणार, दुपारी तीन-चारला थकून पुढच्या तळ्यावर पोचणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला निघणार. म्हणजे ज्या वेळी मासा किनाऱ्याला येतो त्याच वेळी हे पाठ फिरवून चढ चढतायत. मग रॉड कशाला न्यायचा?

दुसरं म्हणजे उंची. बडोदा समुद्रसपाटीपासून 40 मीटरवरही नाही. सोनमर्ग 2,700 च्या आसपास, विशनसर साधारण 3,700, आणि गडसर पास 4,200 च्या जवळ. 3,000 च्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही असं धरतात, आणि या ट्रेकमध्ये निचनईच्या पहिल्याच कॅम्पला ते मोडतं. मग भरपाई खालीही करायची आणि वरही. मी सोनमर्गला दोन रात्री टाकल्या, विशनसरला तीन, गंगाबलला दोन. विशनसरला तीन का, तर कृष्णसरचं पाणी ओढ्याने विशनसरमध्ये उतरतं, तळ्यात ओढा येतो त्या तोंडाशी मासा थांबतो, शिवाय दोन्ही तळी एकाच कॅम्पवरून होतात. जो दिवस शरीराला उंचीची सवय व्हायला द्यायचा तोच दिवस मासे धरायचा, यात कोणाचंच काही वाया जात नाही. काकांना लगेच पटलं. दादा (मुलाला मी दादाच म्हणते) व्हिडिओ कॉलवर कुरकुरत राहिला, विशनसरची एक रात्र काढा, आपण श्रीनगरला हाउसबोट वाढवू. महिनाभर त्याचं तेच चाललं होतं.

ज्या दिवसाचं मला सांगायचंय तो जुलैच्या शेवटी आला. मी सगळ्यांना सामान जमिनीवर मांडून फोटो पाठवायला सांगते, कारण लिस्टला टिक करणं आणि वस्तू खरंच घेणं यात फरक असतो. सकाळी अकराच्या सुमारास दादाचा फोटो आला, त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा, आणि सकाळी त्याची फ्लाइट. बाकी छान होतं, पाण्यात उभं राहायचे वेडिंग बूट रबर सोलचे आणि खडखडीत वाळवलेले, उलटा काटा नसलेले बार्बलेस हुक, पोलराइज्ड गॉगल. गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही म्हणून त्याने घेतलंच नव्हतं. आणि कोपऱ्यात एक नारिंगी डबडं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. झूम केलं तर गार्मिनचं इनरीच.

माझ्या पोटात गोळाच आला. अमेरिकेत हे डोंगरात जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या सॅकला लटकलेलं असतं, नेटवर्क नसेल तिथून सॅटेलाइटवर मेसेज आणि एसओएस जातो. आपल्याकडे सरकारी परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असलं कम्युनिकेटर जवळ ठेवणंच बेकायदेशीर, तेव्हा 1885 चा टेलिग्राफ ॲक्ट आणि 1933 चा वायरलेस ॲक्ट लागायचा, एअरपोर्टवर परदेशी पाहुणे यावरून अडकलेले आहेत. आणि हा कुठे चाललाय तर काश्मीरला, जिथे वाटेत आर्मीच्या पोस्टवर आयडी दाखवून पुढे जायचं असतं.

फोन केला, उचलेना. मेसेज, पुन्हा फोन, काही नाही. काकांना लावला तर ते रॉड घेऊन कुठेतरी गेलेले, फोन घरी, उचलला काकूंनी. मी काकूंना म्हटलं, दादाला उठवायचंय, तुम्ही लावा, आईचा फोन उचलेल. काकूंनी काय केलं माहीत नाही, पण दहा मिनिटांत दादा लाइनवर, चिडलेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, बाबा त्रेसष्ट वर्षांचे, वर नेटवर्क नाही, काही झालं तर कळवायचं कसं? मी म्हटलं, अहो दादा, दिल्लीला बॅगेत हे सापडलं तर ट्रेकचं सोडा, बाबांना तुम्हाला सोडवायला यावं लागेल. मग तो गप्प बसला आणि जरा वेळाने म्हणाला, ओके, शेजाऱ्याकडे ठेवतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं होतंच. सोनमर्ग सोडलं की नारानागपर्यंत फोन लागणार नाही असंच धरायचं, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तर तिथे चालतच नाही, पोस्टपेडच लागतं. मी ते बोलत असतानाच काकू ऑफिसात हजर, रिक्षा करून, हातात औषधांची फाइल. एवढं काय धोक्याचं आहे ते बघायला आल्या होत्या. मी सहज विचारलं, काकांना कुठल्या औषधाची ॲलर्जी? फॉर्मवर काकांनी ‘नाही’ लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, अगं असं कसं, सल्फाच्या गोळीने ह्यांच्या अंगभर पुरळ उठलं होतं, आमची मिनू लहान होती तेव्हा. आणि उंचीसाठी जी डायमॉक्स सगळे सर्रास खिशात टाकतात ती सल्फा प्रकारातलीच. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं यांना द्यायची नाही.

दादा अजून स्पीकरवर होता. सॅटेलाइट नाही, गोळी नाही. मी एवढंच विचारलं, विशनसरची रात्र काढायची का अजून? तो म्हणाला, एक वाढवा हवी तर.

वाढवली नाही. पण स्वयंपाकाचं सामान आधी दोन घोड्यांवर जाणार होतं तिथे तिसरा घोडा घेतला, तो रिकामा, काकांना उतरवायची वेळ आली तर. दादाला हे पटायला वेळ लागला, तिकडे सगळं स्वतःच्याच पाठीवर न्यायचं असतं. गाइडबरोबर ठरवलं की बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला थांबेना तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी खाली निघायचं, मासा गळाला असला तरी. रोजच्या कॅम्पचा कागद काकूंच्या फ्रिजवर लावला. फिशरीजचे परवाने प्रत्येक रॉडचे वेगळे, तेही प्रिंट काढून प्लॅस्टिकमध्ये, दादाचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) त्याच पिशवीत. रात्री नऊला शटर ओढलं, समोरच्या गाडीवर सेव उसळ खाल्ली तेव्हा लक्षात आलं की दुपारचा डबा तसाच राहिलाय.

ट्रेक झाला. काकांना विशनसरला पहिल्या रात्री डोकेदुखी झाली, दुसऱ्या दिवशी तंबूजवळच बसले, तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी दोन ब्राऊन ट्राउट मिळाल्या. हात ओले करून धरल्या आणि दोन्ही सोडून दिल्या, यावर काकू अजून नाराज आहेत, एक तरी तळायची. आता काकांना हिमाचलमध्ये सांगल्याला बास्पा नदीवर जायचंय, तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद असते म्हणून एप्रिल धरलाय. यावेळी काकूही जाणार आहेत, फॉर्म त्यांनीच भरलाय, दोघांचा.