ताईच्या वाट्याचा पाऊस

२६ जुलै

आज सकाळी ताईचा फोन आला होता. बोलता बोलता मी सहज म्हणाले, "आज सव्वीस जुलै." त्यावर ती म्हणाली, "हो, कारगिल विजय दिन," आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाली, "दर वर्षी काय गं तेच तेच? आमच्याकडे तर तेव्हा एवढे काही नव्हतेच." एवढेसे वाक्य होते, परंतु दिवसभर ते दाताच्या फटीत अडकलेल्या शेवेसारखे सलत राहिले.

२००५ च्या त्या मुंबईच्या महापुराच्या मंगळवारी मी कलिन्याहून दुपारी चारला निघाले आणि दुसऱ्या दिवशी अकराला घाटकोपरला पोचले. मधली रात्र कुर्ल्यातल्या एका अनोळखी चाळीच्या जिन्यावर गेली. त्या माणसाविषयी, ज्याचा हात आमच्या साखळीतून सुटला, मी आजही लिहिणार नाही. मला सलते ते याहून फार क्षुल्लक आहे. चाळीतल्या एका काकूंच्या घरून महत्प्रयासाने ताईला फोन लागला, तेव्हा गिरगावातून ती म्हणाली होती, "रिक्षा मिळत नाही म्हणून रडतेस काय?" माझ्या कमरेपर्यंत पाणी होते आणि माझ्या सख्ख्या बहिणीला ते खरे वाटत नव्हते. इतकी वर्षे झाली, तरी खरे वाटले असे तिने एकदाही म्हटलेले नाही. माझ्यावर जे गुदरले त्याला घरातलाच साक्षीदार नाही, या विचाराने आज दुपारी पुन्हा डोळे भरून आले. या वयात हे शोभत नाही, हे मलाही कळते.

मग पुरावा काढायला बसले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि विहार तलावाच्या परिसरात तर हजाराच्याही वर. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाणी वाहून नेण्याच्या बेताची होती, तेही भरती नसताना. त्या दुपारी तर समुद्राला मोठी भरती होती आणि मिठी नदीला पाणी टाकायला जागाच उरली नव्हती. इथवर सगळे माझ्या बाजूने होते. त्याच ओळीत पुढे ताईच्या गिरगावाजवळच्या कुलाब्याचा आकडा होता: सुमारे ७३ मिलिमीटर. जुलैतल्या कोणत्याही बऱ्या दिवशी मुंबईत पडतो तेवढा. ढगांचा तो पुंजका उपनगरांवर ठाण मांडून बसला होता आणि जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर ताई गॅलरीत उभी राहून, नेहमीचाच पाऊस आहे, असे म्हणत होती. ती खोटे बोलत नव्हती. याचा मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि तो सारा पाऊस मोजणीच्या तारखेवर मांडला जातो. म्हणजे ज्या तारखेला मी दर वर्षी कवटाळून बसते, ती सरकारी वहीत माझ्या पावसाची तारीखच नाही. तिथे तो २७ जुलैचा आहे. बरे, निदान या तारखेचा मान तरी आपला असावा, तर १९७९ साली याच २५-२६ जुलैला टेक्सासमधल्या आल्विन नावाच्या गावात, क्लॉडेट वादळाने, चोवीस तासांत हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडून ठेवला आहे. आता तिथल्याही कुणा बाईची बहीण तिला म्हणत असेल, आमच्याकडे एवढे काही नव्हते. हे मनात आले आणि मी एकटीच हसले.

परंतु खरी गंमत कुलाब्याच्या जुन्या नोंदीत होती. तिथे ५ जुलै १९७४ या तारखेवर ५७५ मिलिमीटर लिहिलेले आहेत. माझा जन्म त्यानंतरचा. ताई तेव्हा सहा वर्षांची, आणि बिऱ्हाड त्याच गिरगावात, तळमजल्यावर. आईने एकदा धान्याचे डबे माळ्यावर चढवल्याचे सांगितले होते. मी बहुधा अर्धेच ऐकले. ताईने मात्र त्या दिवसाविषयी कधी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. आणि मीही, स्वतःचा पाऊस सांगण्याच्या भरात, तिला कधी विचारलेले नाही.

कुलाब्याचा ७३ चा आकडा तिला कळवावा म्हणून निरोप लिहिला होता, तो पुसला. कळवला तर ती "बघ, मी म्हणत नव्हते?" असे म्हणणार, आणि ते ऐकण्याएवढा माझा समजूतदारपणा अजून तयार नाही. उद्या सकाळी साडेआठनंतर फोन करीन. तोपर्यंत वेधशाळेच्या हिशेबाने आजचा दिवस चालूच आहे, तेव्हा तेवढा वेळ रुसून राहायला हरकत नाही. नंतर तिला आधी विचारीन की त्या वेळी पाणी उंबऱ्याच्या आत आले होते का.