खिडकीवर मी ‘गुडघा’ म्हणालो

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधल्या एका खिडकीनं मला तीनदा माघारी धाडलं.

झोप उडून दीड वर्ष झालं होतं. गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला की मी जिन्याखाली. शेवटी सौ.नं कार्ड हातात ठेवलं, "आज जाऊनच या."

टोकन देताना आतला माणूस विचारतो, "काय त्रास?" आवाज परेड ग्राउंडचा. मागे रांगेत माझ्याच युनिटचे दोन सुभेदार. मी म्हणालो, "गुडघा." डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, एक्स-रे लिहून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा गुडघाच. एक्स-रे स्वच्छ निघाला, त्याचाही रागच आला. तिसऱ्या खेपेला धीर करून म्हटलं, "झोप लागत नाही." तर केवढ्यानं, "मग मानसिकचं रेफरल पाहिजे का?" सगळी रांग वळून बघायला लागली. कार्ड उचललं आणि सरळ रिक्षात बसलो. गोळीबार मैदान आलं तरी कान तापलेलेच. योजना २००३ पासूनची. आडोशाला एक खुर्ची टाकायला आणखी किती वर्षं हवीत?

सौ. म्हणाली, "अहो, त्या रांगेतल्या अर्ध्यांना तरी झोप लागत असेल का?"

त्या रात्री तीनला १४४१६ लावला. टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन; फुकट, मराठीतही बोलतात. (सैनिकांसाठीचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच पुण्यातल्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात सुरू झाला, हे मला नंतर कळलं.) पलीकडच्या बाई म्हणाल्या, खिडकीवर बोलू नका, चिठ्ठी द्या.

चौथ्यांदा चिठ्ठी सरकवली: ‘डॉक्टरांशी एकट्यात बोलायचंय.’ डॉक्टरांनी दार लावून घेतलं. रेफरल, सायकियाट्रिस्ट, गोळ्या, पुढचं सगळं आठवड्यात झालं.

सायकियाट्रिस्टकडे गेलं म्हणून पेन्शन बंद होत नाही. मी उगाच त्या धास्तीत होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, गोपनीयतेचा हक्क दिलाय. खिडकीवर कुणी आवाज चढवला तर तेवढं कलम सांगा. कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. आणि जमलं तर बायकोला आत न्या. मी "बरी लागते झोप" म्हणालो, तेव्हा तिनं तिथल्या तिथं खोडून काढलं.

आता चार-पाच तास लागते. गोळ्या मात्र त्याच पॉलिक्लिनिकमधून आणायच्या. खिडकीतला माणूसही तोच आहे.