पिलरमधली सव्वासात फूट

गेल्या जूनमध्ये कराडला, विद्यानगरातल्या एका कॉलेजात कंत्राटी नोकरी लागली आणि मी भाड्याचं घर शोधायला निघाले. अट एकच होती, गाडी लावायला हक्काची जागा. आमचे अण्णा विट्याला असतात. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा त्यांना कराडला डॉक्टरांकडे आणावं लागतं. गाडी दारापाशी लागली नाही तर पुढची पन्नास पावलं त्यांना जड जातात.

विद्यानगर म्हणजे कृष्णा पूल ओलांडला की लागणारा, सैदापूर ग्रामपंचायतीतला भाग. १९६० सालचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज इथंच, गाडगे महाराज कॉलेजही इथंच. त्यामुळं गल्लीगल्लीत मेस, झेरॉक्स आणि 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. पण त्यातल्या बहुतेक खोल्या कॉट बेसिसवर. एका वन बीएचकेत चार पोरं ठेवली की मालकाला कुटुंबापेक्षा जास्त भाडं सुटतं. त्यात मालकाची चूक नाही. मात्र चार पोरं म्हणजे तीन तरी बाइक, आणि त्या सगळ्या खालच्या पार्किंगमध्ये.

हे मला उशिरा कळलं. मी घरं बघायला दुपारी जायचे, तेव्हा पोरं कॉलेजात आणि पार्किंग मोकळं. एका ठिकाणी मालकीणबाई म्हणाल्या, "गाडी लावा की ओ मॅडम कुठंबी, कोण इचारतंय?" टोकन द्यायचं ठरवूनच रात्री साडेनऊला परत गेले, तर खाली अकरा दुचाक्या आणि एक टेम्पो. त्या दिवसापासून प्रत्येक घर रात्री जेवणानंतर बघायचं ठरवलं.

दुसरी शिकवण टेपची. माझी जुनी वॅगनार आहे, रुंदी १६२० मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या थोडी वर. एका इमारतीत दोन पिलरमधलं अंतर भरलं सव्वासात फूट. मालक म्हणाले, आरामात बसते. बसलीही. पण मी डावीकडचं पुढचं दार उघडून बघितलं, तर ते वीतभर उघडून पिलरला टेकलं. अण्णा आधी दोन्ही पाय बाहेर काढतात, मग दाराला धरून उठतात. त्या फटीतून त्यांचा एक पायसुद्धा निघाला नसता. घर फार छान होतं, पूर्वेला गॅलरी होती. सोडलं.

दीड महिन्यानं ओगलेवाडी रस्त्याच्या बाजूला एक तळमजला मिळाला. भाडं ८०००, डिपॉझिट २५०००. घराच्या बाजूला भिंतीलगत पत्र्याची शेड, एका अंगाला पूर्ण मोकळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हेही शेजारच्या काकांना विचारून घेतलं. या रस्त्यावर नव्हतं आलं, म्हणाले.

मालक नोटरीवर करार करू म्हणत होते, इथं सगळे तसंच करतात. मी मात्र नोंदणीचा आग्रह धरला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का. सगळं ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. खर्च निम्मा-निम्मा केला तेव्हा मालकही मोकळे झाले.

करारात घराचं वर्णन होतं, पार्किंगचा शब्दही नव्हता. एजंट म्हणाला, ते तोंडी चालतं. मी थांबवलं आणि ओळ घालून घेतली: 'घराच्या दक्षिणेकडील पत्र्याच्या शेडमध्ये एक चारचाकी लावण्याचा हक्क भाडेकरूस राहील.' मालक दोनदा वाचून म्हणाले, "बरं झालं, माझ्या मेव्हण्याला आता नाही म्हणता येईल." त्यांचाही जीव अडकलेला होता तर.

परवा अण्णा आले. शेडच्या मोकळ्या बाजूला दार पूर्ण उघडलं, पाय खाली ठेवले, दार धरून उठले आणि काठी न मागता उंबऱ्यापर्यंत गेले.

वरच्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची पोरं विचारून गेलीत, मी शनिवारी विट्याला गेले की शेडमध्ये बाइक लावू का म्हणून. लावा म्हणाले, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत काढायच्या.