वजा अठ्ठावीस

मॉनिटरच्या कडेला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं : – २८. कोल्ड स्टोरेजमध्ये असा आकडा दिसला की तो तापमानाचा असणार, हे कुणाला सांगावं लागत नाही. मीही तेच समजलो. खरं तर तिथे द्राक्षं ठेवत होते आणि द्राक्षाला शून्याच्या आसपासचं तापमान लागतं. वजा अठ्ठावीसला द्राक्षाचा दगड होईल. हे मला त्या दिवशीही माहीत होतं, तरी मी कुणाला विचारलं नाही. बारा-तेरा वर्षं झाली, पण ती पट्टी मला अजून दिसते.

१६ एप्रिल २०१२, सोमवार. नाशिक जिल्ह्यातलं एक कोल्ड स्टोरेज, अमोनियाचा प्लँट. प्लँटरूमच्या शेजारच्या खोलीत एक जुनं ४८६ मशीन, म्हणजे नव्वदच्या दशकातला कॉम्प्युटर, होतं आणि ते फक्त एका कामासाठी जिवंत ठेवलं होतं : कामांची यादी. कंप्रेसरचं तेल कधी बदलायचं, रिसीव्हरच्या तळाशी साचलेलं तेल कधी काढायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला कधी पाठवायचे, कंडेन्सरवर साचलेला क्षार कधी काढायचा. हे सगळं डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामात होतं. १९९५ च्या सुमाराला शेठच्या भाच्याने फ्लॉपीवर आणून दिलेला शेअरवेअर.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगलमन आणि जिम नॉफ या दोघांनी, एकमेकांशी ओळख नसताना, आपापले प्रोग्राम लोकांना मोकळे वाटायला सुरुवात केली. वापरून बघा, कॉपी करून मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर पैसे पाठवा. पुढे बॉब वॉलेस यांच्यामुळे ‘शेअरवेअर’ हा शब्द रुळला. आपल्याकडे या प्रोग्रामांचे पैसे भरणारा माणूस मला भेटला नाही. लोकांना फुकटात हवं होतं म्हणून, असं कुणी म्हणेल. पण त्या वेळी परकीय चलनावर फेरा कायदा होता. पंधरा-वीस डॉलर अमेरिकेतल्या कुणा प्रोग्रामरला पाठवायचे तर तालुक्याच्या गावातल्या माणसाने कुठल्या बँकेत जाऊन कोणता फॉर्म मागायचा? सुरुवातीच्या पडद्यावर तो माणूस अगदी नम्रपणे पैसे मागायचा, खाली त्याचा पत्ता असायचा, आणि आपण एक की दाबून पुढे जायचो. नोंदणी केली तर नवी आवृत्ती मिळायची. ती आमच्यापर्यंत कधीच पोचली नाही.

तर ते मशीन चालू होत नव्हतं, म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं होतं. उघडल्याबरोबर कारण दिसलं. मदरबोर्डवरची निळी बॅटरी फुटून हिरवा मळ बाहेर आला होता. बॅटरी गेली की हार्डडिस्क कोणत्या मापाची आहे हेच मशीन विसरतं. मी बॅटरी काढली, मळ व्हिनेगरने पुसला, बाहेरच्या बॅटरीसाठीच्या पिनांवर सेलचा डबा जोडला, डिस्कच्या लेबलवरून सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे सेटअपमध्ये भरले. डिस्क बोलू लागली. मग शेवटचं काम : तारीख आणि वेळ. १६-०४-२०१२ घातलं, सेव्ह केलं. हे मी आयुष्यात हजारदा केलं असेल. आमच्या धंद्यात कुणी तारीख लावण्याआधी विचारत नाही. तारीख एकच असते, असं आम्ही धरून चालतो.

प्लँट सांभाळणारे मामा गॅस्केट आणायला नाशिकला गेले होते. ऑफिसातल्या पोराने सांगितलं, दुपारी येतील. मी थांबलो नाही. चालतंय का बघू म्हणून प्रोग्राम उघडला. पैसे मागणारा पडदा आला, की दाबली, क्षणभर खाली एक ओळ चमकली, आणि समोर रिकामी यादी. खाली कोपऱ्यात लिहिलेलं : कामं ०.

मामा आले ते पिशवी हातात घेऊनच आत आले. साठीच्या जवळचे, आय.टी.आय. झालेले फिटर. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“साहेब, तारीख बदलली का?”

“हो. बॅटरी गेली होती, ती लावावीच लागते.”

“किती लावली?”

“आजची.”

मामांनी पिशवी खाली ठेवली. “आजची नव्हती तिथं. मी चौऱ्याऐंशी साल लावलेलं होतं.”

त्यांनी दार पुढे ओढून दाखवलं. मागे खिळ्याला दोन कालनिर्णय एकावर एक टांगलेली होती, एक २०१२ चं आणि त्याखाली पिवळं पडलेलं १९८४ चं. एप्रिलचं पान दोन्हींवर उघडं होतं. तिथी वेगळ्या, सण वेगळ्या तारखांना, पण सोळा तारीख दोन्हीकडे सोमवारीच. वजा अठ्ठावीस म्हणजे वर्षं.

झालं होतं असं. या प्रोग्रामात वर्ष दोनच आकडी भरता येतं आणि ते तो नेहमी एकोणीसशेचंच धरतो. जानेवारी २००० मध्ये मामांनी ००  सालची कामं भरली. प्रोग्रामने ती १९०० ची मानली. आणि मुदत उलटून नव्वद दिवस झालेलं काम उघडताना आपोआप काढून टाकायचं, अशी त्यात सोय होती. मामांनी एकही काम कधी नव्वद दिवस लांबू दिलेलं नव्हतं, त्यामुळे ती सोय चालू आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. आदल्या दिवशी भरलेली कामं दुसऱ्या सकाळी नाहीशी. तीन दिवस त्यांनी पुन्हा पुन्हा भरली. चौथ्या दिवशी घड्याळच मागे नेलं, १९८४ वर. लीप वर्ष तरी जुळावं म्हणून सोळा वर्षं. पण वार जुळेनात. वारासकट जुळायला अठ्ठावीस वर्षं मागे जावं लागतं, हे त्यांना जुन्या कॅलेंडरांवरून कळलं होतं, पण डॉस १९८० च्या मागे जात नाही. म्हणून त्यांनी आठ वर्षं वाट पाहिली. २००८ उजाडलं तसं त्यांनी १९८० लावलं, जिवंत कामांच्या तारखा हाताने बदलल्या, आणि तेव्हापासून वारही बरोबर यायला लागले.

हे मी ऐकत होतो आणि माझे कान तापले होते. मी २०१२ लावलं, प्रोग्रामने सगळी कामं १९८४ ची पाहिली, अठ्ठावीस वर्षं थकलेली, आणि विचारल्याशिवाय सगळी पुसली. ज्याने हा प्रोग्राम लिहिला त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण विचारल्याशिवाय पुसणं हा गुन्हा आहे, हे मी आजही म्हणतो. आणि क्लिपर या भाषेत लिहिलेल्या अशा प्रोग्रामात दोन आकडी वर्षाचं शतक ठरवायला ‘सेट इपॉक’ ही एक ओळ पुरते. त्या एका ओळीवाचून एका माणसाने बारा वर्षं खोट्या सालात काम केलं.

शेठ आत येऊन म्हणाले, टाका ते भंगारात, नवीन घेऊ. मामा काही बोलले नाहीत. पंधरवड्याभरात सीझन संपणार आणि मे महिन्यात प्लँटची वर्षाची सगळी मोठी कामं. ती यादी म्हणजे मे महिना होता.

आता माझ्या हातातलं काम सुरू झालं. पहिली गोष्ट, तो प्रोग्राम पुन्हा उघडायचा नाही. डेटाची फाइल दोन फ्लॉप्यांवर उतरवली आणि लॅपटॉपवर घेतली. डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या पद्धतीची फाइल. ही पद्धत मला तोंडपाठ आहे, माझ्या पिढीतल्या कित्येकांना असेल. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक बाईट असतो. नोंद जिवंत असेल तर तिथे मोकळी जागा, पुसली असेल तर एक चांदणी (*). नोंद पुसली तरी जागेवरून हलत नाही. ‘पॅक’ केलं तरच खरी जाते. पॅक करायचा पर्याय मेनूत होता, मामांनी तो सतरा वर्षांत एकदाही दाबलेला नव्हता. अशा फाइली वाचणाऱ्या फॉक्सप्रो या प्रोग्रामात ती उघडली तेव्हा समोर तीन हजार नऊशे नोंदी होत्या. मामांनी रोमन लिपीत, मोठ्या अक्षरात लिहिलेलं मराठी. आणि प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला चांदणी.

प्रत्येक ओळीच्या. तिथेच गाडं अडलं. आज सकाळी माझ्यामुळे पुसलेली चांदणी आणि १९९६ साली काम झाल्यावर मामांनी स्वतः पुसलेली चांदणी यांत काहीच फरक नसतो. कधी पुसलं याची नोंद फाइल ठेवत नाही.

तारखेने गाळलं. नव्वद दिवसांच्या आतलं, म्हणजे १७ जानेवारी १९८४ पासून पुढच्या दोनेक वर्षांचं. ३१२ नोंदी उरल्या. पण १९८४ हे साल मामांनी दोनदा जगलेलं होतं, एकदा २००० मध्ये आणि एकदा आत्ता. नोंदीच्या क्रमांकावरून जुनं-नवं ओळखता आलं असतं, पण दरवर्षीची कामं मामा नव्याने लिहीत नसत, जुन्याच ओळीची तारीख पुढे सरकवत. म्हणजे नेमकी महत्त्वाची कामं सगळ्यात जुन्या क्रमांकांवर बसलेली होती, २००० सालच्या संपलेल्या कामांच्या मधोमध.

मी ३१२ ओळी वरखाली करत बसलो होतो. मामांनी चहा आणून ठेवला आणि सहज म्हणाले, “मोठी कामं आपण बुधवारीच काढतो. पहिल्यापासून.”

मी कप खाली ठेवला. बुधवार. मामा काम ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा बुधवार बघत. २०१२ चा बुधवार १९८४ मध्येही बुधवारच असतो, त्यासाठी तर त्यांनी अठ्ठावीस वर्षं धरली होती. पण २००० मधला बुधवार त्याच तारखेला १९८४ मध्ये गुरुवार पडतो. उदाहरणार्थ ३१ मे. २००० साली बुधवार, १९८४ साली गुरुवार. म्हणजे फाइलमधली जी तारीख बुधवारी येते ती आजची आणि जी गुरुवारी येते ती बारा वर्षांपूर्वीची. फॉक्सप्रोला वार काढायला सांगितलं. यादी दोन ढिगांत पडली आणि बुधवारचा ढीग मामांनी वाचायला घेतला. “हा. हे राहिलंय. हे पण. हे मेमध्ये.” एका कामापुढे ज्या दुकानाचं नाव होतं ते दुकान २०१० साली सुरू झालेलं, म्हणजे ते नक्की आत्ताचंच. त्या दहा मिनिटांत मला जे वाटलं ते पगाराने किंवा बिलाने मला कधी मिळालेलं नाही.

बुधवारचे ५८ निघाले. बाकीच्यांतून मामांनी आठवून ५ काढले. ६३ ओळींच्या चांदण्या मी काढल्या, मशीनला १९८४ लावलं, मामांना स्वतः तारीख वाचून बघायला लावली, मग प्रोग्राम उघडला. यादी आली. रात्रीचे साडेनऊ झाले होते.

मामांनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. “चौसष्ट होती.”

“नक्की?”

“आकडा रोज बघतो मी. शनिवारी चौसष्ट होती.”

उरलेल्या २४९ ओळी आम्ही पुन्हा वाचल्या. प्रत्येक काम मामांना आठवत होतं, झाल्याचं. एक सोडून. नोंद क्रमांक ११८७, तारीख २ जून १९८४, शनिवार. बुधवार नाही, गुरुवारही नाही. लिहिलं होतं : “वरचा – विचारणे.”

वरचा काय, कुणाला विचारायचं, मामांना आठवेना. हे २००० चं असेल तर संपलेलं. आत्ताचं असेल तर अमोनियाच्या प्लँटमध्ये ‘वर’ बरंच काही असतं. मी ती ओळही जिवंत केली. आकडा ६४ झाला. पण आकडा जुळला म्हणून तीच ओळ हरवलेली होती असं होत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी सेलच्या डब्याचे तेवढे पैसे घेतले. चिकटपट्टी काढून जाड कागद लावला : तारीख २८ वर्षं मागे आहे, बदलू नये. आता कुठल्याही गावात, कुठल्याही मशीनची तारीख लावण्याआधी मी विचारतो. माझ्याकडची पोरं हसतात, त्यांनाही मी सक्तीने विचारायला लावतो. मामांची युक्ती ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच चालणार होती. त्यानंतर मशीनमध्येही २००० साल उजाडलं असतं. ते त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, बोटांवर मोजून. पुढे प्लँटला नवं पॅनेल बसलं, मशीन गेलं, मामाही निवृत्त झाले. फाइलची प्रत माझ्याकडे आहे. वर्षातून एखाद्या रात्री मी ती उघडतो आणि त्या ओळी वाचतो. ११८७ वर थांबतो.

त्याच वर्षी २ जूनला, शनिवारी रात्री, मामांचा फोन आला होता. “वरचं सगळं बघितलं साहेब. गच्चीवरचा कंडेन्सर, सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपाचं तोंड, वरचा हेडर. काही निघालं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “कुणाला विचारायचं तेवढं तरी लिहायला पाहिजे होतं मी.”