चाकणची खोली की मंचरचं घर? कामगाराच्या तब्येतीचा हिशोब

“पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण पुणं नको. गावाकडे हवा चांगली, खाणं घरचं, तब्येत तरी नीट राहील.” पुण्याच्या आसपासच्या चाकण, रांजणगाव, शिरवळ या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कंपनी बसमध्ये ही चर्चा रोज चालते. मंचर, शिरूरसारख्या तालुक्यातल्या गावी राहिल्याने तब्येत सुधारू शकते, पण आपोआप नाही, आणि बऱ्याचदा हवेमुळे तर नाहीच. कामगाराची तब्येत ठरते ती झोप किती मिळते, दिवसभरात चालणं किती होतं, घरात धूर किती आहे, पाणी कसलं आहे आणि रात्री दोन वाजता ईसीजी काढणारं कोणी किती लांब आहे, यावर. पत्ता बदलल्यावर यातलं काय बदलतं तेवढंच बघायचं.

आधी साखरेचं बघू, कारण “गावात शुगर नसते” हा समज अजून पक्का आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. शहरी प्रौढांमध्ये मधुमेह १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के. इथवर गाव जिंकलं असं वाटतं. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले शहरात १५.४ टक्के आणि गावात १५.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. गाव फक्त काही वर्षं मागून चाललंय. जुन्या पिढीची साखर आटोक्यात होती ती अंगमेहनतीने. आज ठिबकची कॉक फिरवली की पाणी सुरू होतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायलाही गाडीला किक लागते. पुण्यात पीएमपीच्या बसने जाणारा माणूस थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून मिळून निदान वीस मिनिटं तरी चालतो. तालुक्याच्या गावात दारातून गाडीवर आणि गाडीवरून मशीनवर. आठवड्याला १५० मिनिटं दमदार चालणं हे किमान आहे, आणि लहान गावात ते मुद्दाम ठरवल्याशिवाय होत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात दिसलं की इथली बाळं वजनाला हलकी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. मोठेपणीही आपल्याकडे हातापायांनी काटकुळा आणि पोट पुढे, अशी अंगलट भरपूर दिसते. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका, टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. मोजायची पद्धत मात्र बरोबर हवी. पॅन्टचा पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो, तिथे मोजलं तर आकडा कमीच येणार. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधे टेप ठेवा, सदरा वर करून, श्वास सहज सोडून झाल्यावर. पोट आत ओढू नका. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. गावी गेल्यावर तब्येत सुधारली की नाही, याचं सगळ्यात स्वस्त उत्तर हे.

आता झोप. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच अडकलेला आहे. रांजणगाव एमआयडीसी पुण्यापासून साधारण ५० किलोमीटर. पहिली पाळी सातला असेल तर हडपसरकडच्या माणसाची बस सव्वापाचच्या सुमारास येते आणि उठावं लागतं साडेचारला. सात तास झोप हवी तर रात्री साडेनऊला डोळा लागला पाहिजे. पत्र्याच्या खोलीत, बाजूच्या घरात टीव्ही आणि खाली रिक्षा स्टँड असताना तो लागत नाही. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण पुण्यातल्या कोणत्या वस्तीत ती पाळली जाते? मग झोप होते साडेपाच तास, तीही तुटक. तोच माणूस शिरूरला राहिला तर बसचा प्रवास अर्ध्याहून कमी होतो, सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच वेळ हातात येतो. दिवसाला दीड तास ही मोठी कमाई आहे.

पण हा दीड तास जातो कुठे, ते बघा. घरची दोन एकर असेल तर तो शेतात जातो. शेतीची थ्री फेज वीज बहुतेक ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास. रात्रीचा आठवडा असला की पहिल्या पाळीचा माणूस अकराला मोटार चालू करायला निघतो, दीडला पाण्याचं बारं बदलतो आणि साडेपाचला पुन्हा उठतो. पाय ओले, अंधारात घोणस-मण्यारची भीती, आणि दुसऱ्या दिवशी हाताखाली पॉवर प्रेस. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला, ३५-४० तासवाल्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. कंपनीचे ४८ धरले तर ५५ व्हायला रोज फक्त एक तास लागतो. शेतीतला वेळ लोक यात धरत नाहीत, “ते घरचंच आहे” म्हणतात. शरीराला तो फरक कळत नाही. जमत असेल तर रात्रीच्या पाळीच्या विजेचा आठवडा भावाशी वाटून घ्या, आणि पाणी द्यायच्या रात्रीनंतर ओव्हरटाइम घेऊ नका.

कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त खाटेपुरतं भाडं देऊन, चाकणला राहणाऱ्यांची अडचण वेगळी. एका खोलीत सहाजण, तीन पाळ्या, म्हणजे खोलीत कोणी ना कोणी कायम जागं आणि दिवा कायम चालू. इथे एक गोष्ट नक्की करता येते: एकाच पाळीचे लोक एका खोलीत घ्या. तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी करणाऱ्याने खिडकीला जाड काळं कापड लावावं, डब्यातलं जेवण दुपारच्या झोपेआधी हलकं ठेवावं, आणि शेवटचा चहा पाळी संपायच्या चार-पाच तास आधी घ्यावा. पाळी बदलताना पहिली, मग दुसरी, मग तिसरी असा क्रम शरीराला सोसतो. उलटा क्रम त्रासाचा, कारण झोप पुढे ढकलणं सोपं असतं, मागे ओढणं अवघड.

हवेबद्दल थोडक्यात. रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचा धूर गावात कमी, हे खरं. पण पुण्याच्या आसपासच्या गावांत दम्यासारखा, कायमचा खोकला आणि धाप लागणारा सीओपीडी तपासला तेव्हा त्यातले बरेच रुग्ण बिडी-सिगारेट कधीही न ओढलेले निघाले. कारण चुलीचा धूर. आता स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून बंबावर किंवा चुलीवर तापतं, आणि नेमकं पहाटे, दार बंद असताना. बंब पडवीत बाहेर घ्या, धुराडं छपराच्या वर काढा, ओली लाकडं जाळू नका. तंबाखू-चुना आणि मशेरी हाही गावाकडचा भार आहे, तो धुरासारखा डोळ्यांत जात नाही म्हणून कोणी मोजत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था धड शहर नाही आणि धड गाव नाही अशा पट्ट्याची. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) रुग्ण वाढले ते सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकिटवाडी, धायरी या भागात. नांदेड आणि किरकिटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण वस्ती वाढली त्या वेगाने शुद्ध पाण्याची सोय झाली नाही. विहीर, बोअर, टँकर यावर भागवणाऱ्या प्रत्येक सोसायटीने आणि खोली मालकाने हे शिकून घ्यावं.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असेल, म्हणजे त्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असेल, तर १,००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग पाणी वाढवून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, गाळ फेकून द्या. तासभर पाणी वापरू नका. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतो त्या क्लोरोस्कोपने बघा: लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलं पाहिजे, क्लोरोस्कोपच्या नळीतलं पाणी फिकट पिवळं झालं पाहिजे. रंग आलाच नाही तर दोनपैकी एक कारण असतं. एक तर पाणी गढूळ आहे आणि क्लोरीन त्यातच खपलं, किंवा पावडरीचं पोतं महिनोन्‌महिने उघडं पडून तिचा जोर गेला. पोत्याचं तोंड उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर ती पावडर वापरू नका. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. हे रोज जमणार नसेल तर पिण्याचं पाणी खळखळ उकळा.

आणि आता ज्यात लहान गाव खरोखर मागे पडतं ते. छातीत दुखलं तर दवाखान्यात पोहोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. मोठा झटका असेल तर निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी, आणि तेवढ्या वेळात ती होणार नसेल तर दवाखान्यात पोहोचल्यापासून अर्ध्या तासात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. गुठळीच्या पक्षाघातात अशा इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. मंचर ते पुणं साधारण ६० किलोमीटर, पण वाटेत राजगुरुनगर, चाकण आणि मोशी आहेत, आणि दुसरी पाळी सुटल्यावर चाकणच्या चौकात रुग्णवाहिकाही अडकते. म्हणून घर बघायला जाल तेव्हा भाड्याआधी जवळच्या दवाखान्यात तीन गोष्टी विचारा. ईसीजी मशीन रात्री चालवणारं कोणी असतं का, गुठळीचं इंजेक्शन कपाटात ठेवलेलं असतं का, आणि ते द्यायला रात्री फिजिशियन येतो का. उपजिल्हा रुग्णालय असलं तरी विचारा. महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कार्ड असतं. ईएसआयची रुग्णालयं चिंचवडला मोहननगरमध्ये आणि पुण्यात बिबवेवाडीला आहेत, त्यामुळे नव्या पत्त्याजवळ ईएसआयचा दवाखाना कुठला ते बघून कार्डावर तो बदलून घ्या. घरात साध्या, कोटिंग नसलेल्या अ‍ॅस्पिरिनची पाकिटं ठेवा. छातीत दुखायला लागलं तर ३०० मिलिग्रॅम चावून खायची असते, गिळायची नाही, आणि अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर घ्यायचीच नाही. बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय अशी पक्षाघाताची लक्षणं असतील तेव्हाही नाही. छातीतल्या दुखण्याला “गॅस झालाय” म्हणून सोडा पिऊन बसण्यात जो तास जातो, तो चाकणच्या ट्रॅफिकपेक्षा महाग पडतो. आधी १०८ लावा आणि नवी वस्ती असेल तर रस्त्यावरची ठळक खूण सांगा, कारण गट नंबरवरून रुग्णवाहिकेला घर सापडत नाही.